फाटकाबाहेरचा ठिपका

(दहावी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना फारसं बदललेलं नाही.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, "तू नक्की काय करतेस ते एकदाचं सांगून टाक." आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न मला दर दिवाळीला विचारला जातो. काहींना वाटतं मी अजून हिंजवडीतच आहे. काहींना वाटतं मी महापालिकेत लागले. एकाने तर घराच्या वाढीव मजल्याची परवानगी काढून देशील का, असं विचारलं होतं. नाव घेत नाही, पण तिसऱ्या रांगेत कोण हसतंय ते मला दिसतंय.

तर मी शिकले कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. २००१ साली बाहेर पडले तेव्हा आयटीत मंदी होती. मिळाली ती नोकरी घेतली. सात-आठ वर्षं परदेशातल्या बँकांची सॉफ्टवेअरं लिहिली, मग एका टीममध्ये नकाशांचं काम आलं. माल घेऊन निघालेल्या गाडीने कुठल्या रस्त्याने जावं, हे शोधून देणारं. त्या कामात मी रमले आणि रविवारी घरी बसून ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या, कुणीही भर घालू शकेल अशा नकाशात आपल्या गावचे रस्ते भरू लागले. एस. टी. स्टँड, बुधवारचा बाजार, आपली शाळा, मागचा ओढा, सगळं.

इथे भूगोलाच्या सरांचं ऋण सांगायला हवं. सर, तुम्ही आम्हाला आठवीत शाळेच्या आवाराचा नकाशा पावलांनी मोजून काढायला लावला होता. तुमचा नियम होता, "जाताना मोजा, येतानाही मोजा. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा चाला." आम्ही पिंपळाखाली बसून आकडे जुळवून टाकायचो. तुम्हाला ते कळायचं, हे आज कबूल करते. त्या नियमाची किंमत मला फार उशिरा कळली. कशी, ते पुढे सांगते.

नऊ वर्षांपूर्वी मी कंपनी सोडली आणि शहरांसाठी सर्वेक्षणं आणि नकाशे करणाऱ्या एका छोट्या गटात आले. पगार निम्म्यावर आला. घरच्यांनी काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

शहर नियोजन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उड्डाणपूल येतात. पण आपल्या राज्यघटनेत, ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी आहे. तिच्यात पहिला विषय नगररचना आहे आणि तिसरा आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन. म्हणजे रस्ता कुठून जाईल हा प्रश्न आणि त्या रस्त्यावर कोण पोट भरेल हा प्रश्न, दोन्ही एकाच यादीत आहेत. प्रत्यक्षात कार्यालयात गेलं की नगररचना एका मजल्यावर असते आणि उपजीविका दुसऱ्या मजल्यावर. माझं बरंचसं काम त्या जिन्यात चालतं, म्हटलं तरी चालेल.

पुण्यातल्या मंडळींना उदाहरण द्यायचं तर सकाळी तुमच्या दारात कचरा न्यायला येणाऱ्या ताई. कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिली आणि २००८ मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. उकिरड्यावर कचरा वेचणाऱ्या बायका दारावर येऊन सेवा देऊ लागल्या, ओळखपत्र मिळालं, घराघरातून शुल्क मिळू लागलं. काम कचऱ्याचंच राहिलं. शहराने त्यांना कामगार म्हणून मोजलं, एवढ्यानेच किती फरक पडला बघा.

हे मोजणं फार जुनं आहे. १९१४ साली पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश गृहस्थ भारतात आले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा आग्रह असा, की आधी पाहणी आणि मगच आराखडा. गल्ली पाडून रुंद करण्याआधी त्या गल्लीतून चालून बघा. आणि १९८५ साली मुंबईत पदपथावर राहणाऱ्या लोकांची गणती 'स्पार्क' या संस्थेने केली. त्या अहवालाचं नावच होतं 'आम्ही अदृश्य माणसं' अशा अर्थाचं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही. या दोन वाक्यांच्या मधली जी अवघड जागा आहे, तिथे आमचं काम असतं.

आता माझी चूक सांगते. भाषणात यश सांगायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण तुमच्यासमोर नाही सांगणार तर कुणासमोर?

२०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा आला. भाजीवाले, फळवाले, चहाची गाडी, चपला शिवणारे, सगळ्यांसाठी. कायदा म्हणतो, प्रत्येक शहराने निदान पाच वर्षांतून एकदा पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करावं. ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवू नये. प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं. म्हणजे एक लाख वस्तीच्या गावात अडीच हजार. आणि हे सगळं बघायला एक समिती असावी, तिच्यात ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत एक तृतीयांश बायका.

२०१८ मध्ये एका शहराचं असं सर्वेक्षण आमच्याकडे आलं. मोबाइलवर चालणारं ॲप मी लिहिलं. सर्वेक्षक विक्रेत्यापाशी जाणार, फोटो काढणार, माहिती भरणार, जीपीएस जागा टिपणार आणि नकाशावर एक ठिपका उमटणार. एक ठिपका म्हणजे एक माणूस.

आता, २००३ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ज्या अटी घातल्या होत्या, त्यांत शाळा, रुग्णालय आणि प्रार्थनास्थळ यांच्यापासून १०० मीटरच्या आत विक्री नको, अशी एक अट होती. ती मला माहीत होती. मी ॲपमध्ये एक बारीकसा नियम लिहिला. प्रत्येक शाळा, दवाखाना, देऊळ, मशीद यांच्याभोवती १०० मीटरचं वर्तुळ काढायचं आणि आत पडणारा ठिपका अंतिम यादीतून वगळायचा. अकरा ओळींचा कोड. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, ना साहेबांनी, ना समितीने. मलाच वाटलं, यादी नीटनेटकी दिसेल, पुढचं काम सोपं होईल.

शंभर मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण गणिताच्या बाई इथे आहेत, त्यांना विचारा. १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१,४०० चौरस मीटर होतं, जवळजवळ पावणेआठ एकर. आणि आपल्याकडच्या जुन्या गावात दर शंभर पावलांवर एक देऊळ. ही वर्तुळं एकमेकांत मिसळली की भर बाजारात मोकळी जागा उरतच नाही. दुसरं म्हणजे, कायद्याचा क्रम मी उलटा केला होता. आधी जे आहेत ते सगळे मोजायचे, मग समितीने बसून जागा ठरवायच्या, असं कायदा सांगतो. मी मोजायच्या आधीच जागा ठरवून मोकळी झाले. आमच्या पाहणीची वेळही अकरा ते पाच होती. सकाळी दोन तास बसून घरी जाणारी भाजीवाली आणि संध्याकाळची अंडा-भुर्जीची गाडी, दोघंही त्यात सापडत नाहीत.

यादी प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याने एक बाई कार्यालयात आल्या. साठीच्या असतील. एका मुलींच्या शाळेबाहेर पेरू, आवळे, बोरं विकायच्या. हातात दुधाची धुतलेली पिशवी आणि तिच्यात पावत्यांचा गठ्ठा. नगरपालिकेचा माणूस रोज बाजारवसुलीला येतो, तो देतो त्या चिटोऱ्यासारख्या पावत्या. वर्षानुवर्षांच्या, रबर लावून ठेवलेल्या. त्यांनी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी तुमच्या यादीत न्हाई म्हनं. मग हे पैसं कुनी भरलं?"

मी म्हटलं, मावशी, शाळेजवळची जागा नियमात बसत नाही. त्या म्हणाल्या, "जागा बसत नसंल. पर मी तर बसते का न्हाई?"

मला उत्तर आलं नाही. मी संगणकावर त्यांचा ठिपका शोधला. तो होता. सर्वेक्षक त्यांच्यापर्यंत गेला होता, फोटो काढला होता, त्या फोटोत थोड्या हसल्याही होत्या. पुढे माझ्या अकरा ओळींनी त्यांना पुसलं होतं.

त्या बसल्या होत्या तिथून मला आपल्या फाटकाबाहेरच्या मावशी दिसायला लागल्या. आठवतात ना? चिंचेखाली पोतं अंथरून बसायच्या. बोरं, चिंचा, कैरीच्या फोडींना तिखटमीठ. सुट्टे नसले तर "उद्या दे" म्हणायच्या, आणि कुणाची किती उधारी हे वहीशिवाय पक्कं लक्षात ठेवायच्या. निरोप समारंभाच्या दिवशी मी त्यांच्याकडून आठ आण्यांची बोरं उधार घेतली. उद्या देते म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाची सुट्टी लागली. ते आठ आणे अजून द्यायचेत. कॉलेजातून पहिल्या सुट्टीत आले तेव्हा रस्त्याचं काम झालं होतं आणि चिंचेखाली कुणी नव्हतं. कुठे गेल्या, मी विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं का?

असो. त्या शहरात आम्ही चूक कळवली. वर्तुळांचा नियम काढला. पुन्हा पाहणी झाली, या खेपेला पहाटे, दुपारी आणि रात्री, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी वेगळी. वसुलीच्या पावत्या पुरावा म्हणून धरल्या. म्हणजे सरांचाच नियम, जाताना मोजा, येतानाही मोजा. गटातले लोक माझ्यावर चिडले, कारण दुसऱ्या फेरीचे पैसे कुणी देणार नव्हतं. ते बरोबरच होते.

त्या मावशींचं नाव यादीत आलं. याचा उपयोग काय झाला, ते २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदीत सगळ्यांचं भांडवल खाऊन संपलं होतं. रोजाने पैसे देणाऱ्याकडून सकाळी नऊशे रुपये हातात घ्यायचे आणि संध्याकाळी हजार परत करायचे, असा त्यांचा व्यवहार होता. नऊशे रुपयांच्या मालावर पहिले शंभर रुपये सावकाराचे. त्या जूनमध्ये पीएम स्वनिधी योजना आली. तारणाशिवाय १०,००० रुपयांचं खेळतं भांडवल, वर्षभरात फेडायचं, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सूट आणि पुढच्या वेळी मोठं कर्ज. त्याला पुरावा लागायचा तो सर्वेक्षणातल्या नावाचा. ज्यांची नावं राहून गेली होती, त्यांना नगरपालिकेकडून शिफारसपत्र आणायची सोय होती, पण त्यासाठी खेटे घालणं आलं. मावशींना खेटे घालावे लागले नाहीत. पहिलं कर्ज त्यांनी वेळेत फेडलं.

गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. समितीने त्यांना जागा दिली ती शाळेमागच्या गल्लीत. तिथे पूर्वीसारखा धंदा होत नाही, असं त्या भेटल्या की ऐकवतात. आणि त्या पिशवी घेऊन आल्या म्हणून मला चूक कळली. ज्या आल्याच नाहीत, घरी बसून राहिल्या, त्यांतल्या सगळ्या दुसऱ्या फेरीत सापडल्या असतील, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. झोप मोडते ती त्या विचाराने.

काही जणांनी मुलांसाठी या क्षेत्राची चौकशी केली होती. थोडक्यात सांगते. बारावीनंतर नियोजनाची पदवी आहे, आणि वास्तुशास्त्र, इंजिनिअरिंग, भूगोल, अर्थशास्त्र यांच्यानंतर पदव्युत्तर शिक्षणही आहे. दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, आणि मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मुलांना सुट्टीत ते उघडून द्या आणि आपला वॉर्ड काढायला सांगा. फक्त एक अट घाला, की आधी चालून या.

आता शेवटचा मुद्दा. यासाठीच मी बोलायला उभी राहिले, आणि तो सगळ्यांना आवडेल असं नाही.

आपली तुकडी शाळेला नवी कमान देतेय, आणि तिच्या दोन्ही बाजूंना, भिंतीच्या बाहेरून, स्टीलचं कुंपण आणि झाडांचे वाफे. वर्गणी मीही दिली आहे. चित्र ग्रुपवर आलं, अंगठे आणि टाळ्यांचा पाऊस पडला. त्यात माझाही अंगठा आहे. चित्र खरंच सुंदर आहे. त्यात शाळा आहे, कमान आहे, हिरवळ आहे, छत्री घेतलेली एक मुलगी आहे. विक्रेता एकही नाही.

मी दोन दिवस आधीच गावात आले आणि फाटकाबाहेर तीनदा जाऊन उभी राहिले. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना. सकाळी दोघं होते, मधल्या सुट्टीत चौघं, संध्याकाळी पाच. पेरू-आवळेवाल्या दोघी, भेळेची गाडी, कणसं भाजणाऱ्या एक आजी, आणि पेन-खोडरबर-स्टिकरची टोपली घेऊन बसणारे काका. हे पाचही जण बरोबर तिथे बसतात जिथे आपले वाफे येणार आहेत. कुंपणाबद्दल त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा कणसंवाल्या आजी म्हणाल्या, "झाडं लावा की. आमी सरकतो." कुठे सरकणार, तर पुढे गटार आहे आणि त्यापुढे रिक्षा वळतात.

दुसरी बाजूही खरी आहे. शाळा सुटताना तिथे सायकली, रिक्षा, पालकांच्या दुचाकी यांची गर्दी होते. मुख्याध्यापिका बाईंना मुलांच्या सुरक्षिततेची आणि उघड्यावरच्या खाण्याची काळजी आहे, आणि ती असायलाच हवी. पलीकडच्या टपरीची वकिली मी करणार नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानेच बंदी आहे. पण पेरू आणि गुटखा एका वर्तुळात टाकून दोन्ही पुसायचे, ही चूक मी एकदा केलीय. तुम्ही करू नका.

माझी सूचना साधी आहे. वाफे भिंतीच्या आतून करू. जागा आहे, मी मोजलीय. दोनदा. फाटकासमोरचा भाग पूर्ण मोकळा ठेवू, तिथे कुणीच बसायचं नाही. चिंचेच्या बाजूला शाळेचीच जागा आहे, तिथे भिंत चार फूट आत घेऊन एक ओटा बांधू, एक नळ, एक कचऱ्याचा डबा. खर्च वाफ्यांइतकाच येईल, फार तर थोडा वाढेल. तो वाढीव खर्च माझ्याकडे लागला. संस्थेची परवानगी आणि नगरपरिषदेच्या समितीची संमती, दोन्ही लागतील. अर्ज मी लिहून आणलाय, त्यावर सह्या हव्यात. आणि संस्था नाही म्हणाली, तर निदान त्या पाच जणांना समोर बसवून नाही म्हणू या. चित्रात न दाखवता नको.

आणखी एक विनंती. आपल्या गावचा विकास आराखडा जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा त्यावर हरकती आणि सूचना मागवतात. मुदत नोटिशीत दिलेली असते. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा लोकांनी वाचला, हजारोंनी हरकती घेतल्या, आणि दोन-तीन महिन्यांत सरकारला तो बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगावा लागला. आपण पुण्या-मुंबईत, परदेशात असलो तरी तो नकाशा आता घरबसल्या बघता येतो. आपला वाडा कुठे आहे ते सगळेच बघतात. बुधवारचा बाजार त्यात आहे का, तेही बघा.

वेळ संपली, अशी खूण झालीय.

ते आठ आणे राहिले. मावशींचं नाव मला माहीत नाही. सहा वर्षं रोज त्यांच्याकडून काही ना काही घेतलं आणि नाव विचारलं नाही. इथे कुणाला माहीत असेल, त्यांचं कुणी गावात असेल, तर जेवणाच्या वेळी मला सांगा. सह्यांचा कागद चहाच्या टेबलापाशी ठेवलाय.